‘ध’ चा ‘मा’ आणि चुका सुधारणारे संकेत



‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत इतका रुळलेला आहे कीं, त्याच्या मुळाशीं असलेली भीषण कथा बोलतांना आपल्या ध्यानींही येत नाहीं. १७७३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस पुण्यास शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. आख्यायिका अशी कीं, राघोबादादांनीं गारद्यांस दिलेल्या आज्ञेंत नारायणरावांस ‘धरावें’ असें लिहिलें होतें, आणि आनंदीबाईंनीं पहिलें अक्षर पालटून तेथें ‘मारावें’ असें केलें. ही आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हा संशोधकांचा प्रश्न आहे. तो आज माझा विषय नव्हे. एक अक्षर पालटल्यानें केवढा अनर्थ होतो, एवढाच बोध आपण या कथेपासून घेत आलों आहों. परंतु तिचें मर्म याहून खोल आहे. समजा, ‘धरावें’च्या जागीं ‘ढरावें’ असें झालें असतें, तर गारदी बुचकळ्यांत पडले असते. असा शब्द मराठींत नाहीं, तेव्हां लिहिण्यांत कांहीं चूक झाली असली पाहिजे, असें त्यांच्या तेव्हांच लक्षांत आलें असतें. घात झाला तो पालटलेला शब्दही मूळच्या शब्दाइतकाच अर्थपूर्ण होता म्हणून. दोन अर्थपूर्ण शब्द एकमेकांच्या इतके शेजारीं राहात होते कीं, एका अक्षराचा उंबरठा ओलांडतांच एकाच्या घरांतून दुसऱ्याच्या घरांत जातां येत होतें.

आज मी आपणांस ज्या विद्येची ओळख करून देणार आहें, ती हें धोक्याचें शेजारपण मोडून काढण्याची विद्या आहे. चुका सुधारणारे संकेत हें तिचें नांव. मोबाईलवरचें संभाषण, घराच्या गच्चीवरील तबकडींत उतरणारीं दूरचित्रें, जालन्याच्या मोंढ्यांतील चहाच्या टपरीवर चिकटविलेला काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड, या सर्वांच्या पोटांत ही विद्या मुकाट्यानें काम करीत असते. ती नसती तर यांपैकीं एकही वस्तु विश्वासानें वापरतां आली नसती.

माझें आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलें. वही तपासणें तसें सोपें काम. कारण बरोबर उत्तर शिक्षकास आधींच ठाऊक असतें. परंतु दूरवरून आलेला संदेश ज्या यंत्रास वाचावयाचा असतो, त्यास मूळ संदेश ठाऊक नसतो. ठाऊक असता तर तो पाठविण्याचें कारणच काय होतें? असें असतां तें यंत्र संदेशांतील चूक ओळखतें, इतकेंच नव्हे, तर ती नेमकी कोठें आहे हें शोधून सुधारतेंही. हें कसें घडतें, तेंच आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम आपल्या बोलण्याचाच विचार करूं. बोलभाषा ही स्वभावतः उधळी आहे. ‘त्या मुली आल्या’ हें तीन शब्दांचें वाक्य घ्या. यांत मुली अनेक आहेत ही गोष्ट तीनदां सांगितली आहे. ‘त्या’ या शब्दानें एकदां, ‘मुली’नें दुसऱ्यांदा आणि ‘आल्या’नें तिसऱ्यांदा. हिशेबी मनुष्यास ही उधळपट्टी वाटेल. परंतु वाऱ्यावादळांत एखादा स्वर विरून गेला तरी उरलेले शब्द त्याची साक्ष देतात, तें या उधळपट्टीमुळेंच. याउलट तारेची गोष्ट पाहा. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली; परंतु तारेंत प्रत्येक शब्दास पैसे मोजावे लागत, म्हणून माणसें शब्द कसे मोजून-मापून लिहीत, हें वडील मंडळींच्या स्मरणांत असेल. अशा काटकसरीनें लिहिलेल्या तारेंत ‘प्रकृति चिंताजनक नाहीं’ यांतला शेवटला शब्द गळाला, कीं घरांत रडारड सुरू व्हावयाची. जेथें एकही शब्द फाजील नसतो, तेथें चुकीस पकडून देणारा साक्षीदारही उरत नाहीं.

हा साक्षीदार मुद्दाम नेमून ठेवण्याची युक्ति आपल्या व्यापाऱ्यांस फार पूर्वीपासून अवगत होती. हुंडी लिहितांना रक्कम अंकांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असेंही लिहीत. एक हजारांची हुंडी असेल तर निमे पांचशें व त्याचे दुप्पट एक हजार. आंकड्यांत कोणी एक शून्य वाढविलें तर निमपट लगेच त्याविरुद्ध साक्ष देई. आपल्या आधार क्रमांकांतही असाच एक साक्षीदार आहे. हे क्रमांक देण्यास २०१० सालच्या २९ सप्टेंबरला आपल्याच राज्यांतील नंदुरबार जिल्ह्यांतल्या टेंभली गांवीं प्रारंभ झाला. या क्रमांकांत बारा आंकडे असतात. परंतु बारावा स्वतः कांहीं नवें सांगत नाहीं. तो पहिल्या अकरांवरून, व्हेर्हूफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें काढलेला असतो. लिहिणाऱ्याच्या हातून एखादा आंकडा चुकला, किंवा शेजारच्या दोन आंकड्यांची अदलाबदल झाली, तर बारावा आंकडा जुळत नाहीं आणि यंत्र तो क्रमांक नाकारतें.

परंतु हुंडी काय किंवा आधार काय, येथें साक्षीदार ‘चूक आहे’ एवढेंच सांगतो. बरोबर काय, हें तो सांगत नाहीं. पुन्हां विचारण्याची सोय असेल तेथें एवढें पुरतें. पण जेथें पुन्हां विचारतांच येत नाहीं तेथें काय करावें? व्हॉयेजर-२ हें यान १९८६ च्या जानेवारींत युरेनस ग्रहाजवळून गेलें, तेव्हां त्याचा संदेश पृथ्वीवर पोंचण्यास सुमारें पावणेतीन तास लागत होते. ‘काय म्हणालांत?’ असें विचारावें तर प्रश्न जाण्यास तितकाच वेळ, उत्तर येण्यास तितकाच, आणि तोंपर्यंत यान ग्रहापासून दूर गेलेलें. अशा ठिकाणीं ऐकणाऱ्यानें चूक स्वतःच्या बळावर सुधारली पाहिजे.

ही सुधारणा कशी होते, तें एका खेळानें समजेल. आधुनिक यंत्रें सर्व मजकूर शून्य आणि एक या दोनच चिन्हांत लिहितात. अशा एकेका चिन्हास बिट म्हणतात. शाळेच्या मैदानावर नऊ मुलें आहेत, तीन आडव्या ओळी व प्रत्येक ओळींत तीन मुलें, अशी कल्पना करा. उभें मूल म्हणजे एक आणि बसलेलें मूल म्हणजे शून्य. हा झाला नऊ बिटांचा संदेश. आतां प्रत्येक आडव्या ओळीच्या टोकास एक आणि प्रत्येक उभ्या ओळीच्या पायथ्याशीं एक, असे सहा राखणदार नेमा. त्यांना नियम असा घालून द्या कीं, आपल्या ओळींतील उभ्या मुलांची संख्या, स्वतःस धरून, सम होईल असें पाहून प्रत्येकानें उभें राहावें किंवा बसावें. नंतर आपण पाठ फिरवितों आणि तेवढ्यांत एक खोडकर मूल उभें होतें तें बसतें, किंवा बसलें होतें तें उभें राहतें. आपण वळून पाहतों. मूळची मांडणी आपणांस पाठ नाहीं. परंतु एका आडव्या ओळींतील संख्या विषम झालेली दिसते आणि एका उभ्या ओळींतीलही. या दोन ओळी जेथें एकमेकींस छेदतात, तेथेंच तें मूल! त्यास उठवा किंवा बसवा. मूळचा संदेश जशाचा तसा परत मिळाला. आणि एकच ओळ विषम दिसली, तर मुलें निर्दोष असून त्या ओळीचा राखणदारच चुकला आहे, असें समजावें. आडवी-उभी बेरीज घालून खतावणींतील चूक शोधणाऱ्या कोणत्याही मुनिमास ही युक्ति परकी वाटणार नाहीं.

या खेळांत नऊ मुलांच्या रक्षणास सहा राखणदार लागले, हा खर्च मोठा आहे. तो कमी करण्याची वाट अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंतले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनीं दाखविली. १९४७ च्या सुमारास ते आपलीं गणितें शनिवार-रविवारीं, कोणी माणूस हजर नसतांना, प्रयोगशाळेंतील गणकयंत्रावर चालू ठेवून जात. यंत्रास चूक ओळखतां येत असे; परंतु ती आढळली कीं तें गणित अर्धवट टाकून पुढचें हातीं घेई. चूक झाली हें ज्या यंत्रास कळतें, त्यास ती कोठें झाली हें कां कळूं नये, असा विचार हॅमिंग यांच्या मनांत आला, आणि त्यांतून निघालेला त्यांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या रीतीनें त्याच पंधरा मुलांत अकरा संदेश वाहतात आणि चारच राखणदार त्या सर्वांची राखण करतात. त्याच प्रयोगशाळेंतील क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालींच एक आश्चर्यकारक सिद्धांत मांडला होता. संदेशाच्या मार्गांत कितीही गोंगाट असो, त्या मार्गाची एक ठराविक क्षमता असते. त्या मर्यादेच्या आंत राहून योग्य संकेत योजला तर चुकांचें प्रमाण हवें तितकें कमी करतां येतें. शांत मार्गाची वाट पाहात बसण्याचें कारण उरलें नाहीं. शहाणे संकेत शोधणें एवढेंच काम उरलें.

या शोधांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, आणि त्यांत एक मराठी नांवही आहे. राजचंद्र बोस हे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत काम करून पुढें अमेरिकेंत उत्तर कॅरोलिना विद्यापीठांत प्राध्यापक झाले. त्यांच्या हाताखालीं शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांनीं १९५० सालीं डॉक्टरेट मिळविली. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ सालचा, सागर येथला. शिक्षण नागपुरास झालें. पुढें मुंबई विद्यापीठांत ते गणित विभागाचे प्रमुख होते, आणि २०२० सालीं वयाच्या १०३ व्या वर्षीं ते निवर्तले. या गुरुशिष्यांनीं पार्कर या अमेरिकन गणितज्ञाच्या सहकार्यानें १९५९ सालीं ऑयलर या थोर गणितीचें १७८२ पासून चालत आलेलें एक अनुमान खोटें पाडलें. ही वार्ता न्यूयॉर्क टाइम्स पत्राच्या पहिल्या पानावर झळकली होती.

तें कोडें पलटणींतल्या अधिकाऱ्यांचें आहे. निरनिराळ्या पलटणींतील व निरनिराळ्या हुद्यांचे अधिकारी एका चौरसांत असे उभे करावयाचे कीं, प्रत्येक आडव्या व उभ्या ओळींत प्रत्येक पलटण एकदांच आणि प्रत्येक हुद्दा एकदांच यावा, आणि पलटण व हुद्दा यांची एक जोडी पुन्हां येऊं नये. सहा पलटणी व सहा हुद्दे घेतले तर हें साधत नाहीं. दहा, चौदा, अठरा अशा संख्यांनाही तें साधणार नाहीं असें ऑयलर यांस वाटलें होतें; या त्रयीनें सहानंतरच्या अशा सर्व संख्यांना तें साधतें हें सिद्ध केलें. या कोड्याचा आपल्या विषयाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. प्रत्येक अधिकाऱ्याचीं चार लक्षणें पाहा: आडवी ओळ, उभी ओळ, पलटण आणि हुद्दा. अशा चौरसांत कोणत्याही दोन अधिकाऱ्यांचें या चारांपैकीं फार तर एकच लक्षण जुळतें, तीन तरी वेगळीं असतात. म्हणून एखादें लक्षण चुकीचें ऐकूं आलें तरी उरलेल्या तिहींवरून तो अधिकारी अचूक ओळखतां येतो. ‘धरावें’ आणि ‘मारावें’ यांत एकाच अक्षराचें अंतर होतें. येथें तीन लक्षणांचें आहे. शेजारपण मोडणें म्हणतात तें हेंच. त्याच १९५९ सालीं बोस व श्रीखंडे यांनीं संकेतांच्या रचनेविषयींही एक संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं बोस व त्यांचे शिष्य रायचौधुरी यांनीं अनेक चुका एकदम सुधारणारे संकेत मांडले. फ्रान्समध्यें होकेंगेम यांना ते स्वतंत्रपणें १९५९ सालीं सांपडले होते; म्हणून तिघांच्या नांवांनीं ते ओळखले जातात.

१९६० सालींच रीड व सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनीं त्याच कुळांतला आणखी एक संकेत दिला. त्याचें बीज शाळेंतील आलेखाच्या कागदावर समजण्यासारखें आहे. दोन बिंदूंनीं एक सरळ रेषा ठरते. संदेश म्हणून अशी रेषा ठरवावी आणि पाठवितांना तिच्यावरील दोनांऐवजीं चार बिंदु पाठवावे. वाटेंत एक बिंदु भलतीकडे सरकला तरी उरलेले तीन एका रेषेंत दिसतात. पट्टी ठेवतांच चुकार बिंदु उघडा पडतो. प्रत्यक्षांत सरळ रेषेऐवजीं बहुपदीच्या वक्ररेषा असतात, पण तत्त्व हेंच.

टपरीवरच्या क्यूआर कोडांत हीं दोन्ही घराणीं एकत्र नांदतात. जपानांत १९९४ सालीं निघालेल्या या चौकटींतला मुख्य मजकूर रीड-सॉलोमन संकेतांत असतो. आणि तो कोणत्या रीतीनें वाचावा याची पांच बिटांची सूचना बोस-रायचौधुरींच्या कुळांतल्या संकेतानें पंधरा बिटांची करून दोन ठिकाणीं छापलेली असते. मुख्य मजकुराच्या रक्षणाचे चार दर्जे आहेत. त्यांत अनुक्रमें सुमारें ७, १५, २५ व ३० टक्के भाग नष्ट झाला तरी तो परत मिळवितां येतो. चौकटीवर चहाचा डाग पडतो, उन्हानें रंग विटतो, कागद कांहींसा फाटतो, आणि तरीही ग्राहकाचे दहा रुपये योग्य त्या खात्यांत जमा होतात, याचें कारण हें आहे.

आतां विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळूं. मघांच्या खेळांत एका मुलाऐवजीं एकाच ओळींतील दोन मुलांनीं खोडी केली, तर त्या ओळींतील संख्या पुन्हां सम होते आणि अपराधी सांपडत नाहींत. प्रत्येक संकेताची अशी एक मर्यादा असते. एका शब्दांत अमुक इतक्या चुका तो सोसतो, त्याहून अधिक सोसत नाहीं. आणि निसर्गाच्या चुका तर एकेकट्या येत नाहींत. वीज कडाडते, वेगानें जाणारी गाडी पुलाखालून जाते, तबकडीवर ओरखडा उठतो; अशा वेळीं लागोपाठचीं शेंकडों बिटें एकदम बिघडतात. संकटें येतात तीं झुंडीनें येतात, असें आपण म्हणतों, तें या बिटांनाही लागू आहे. अशा झुंडीस तोंड देण्यासाठीं जी युक्ति योजतात, तिला आपण ‘सरमिसळ’ म्हणूं.

आमच्या जालना जिल्ह्यांत आठ तालुके आहेत. त्यांपैकीं बदनापूर, भोकरदन, जाफराबाद आणि घनसावंगी या चार नांवांत प्रत्येकीं पांचच अक्षरें आहेत. हीं चार नांवें दूर पाठवावयाचीं आहेत आणि वाटेंत लागोपाठचीं कोणतीं तरी चार अक्षरें पुसून जाणार आहेत, असें समजा. नांवें सरळ एकामागून एक पाठविलीं आणि पहिलीं चार अक्षरें पुसलीं गेलीं, तर बदनापूरचा नुसता ‘र’ उरेल; त्यावरून गांव कोण ओळखणार? आतां नांवें पाठविण्यापूर्वी पाटीवर एकाखालीं एक लिहा आणि अक्षरें आडवीं न वाचतां वरून खालीं वाचून पाठवा. प्रथम चारही नांवांचीं पहिलीं अक्षरें: ब, भो, जा, घ. मग दुसरीं: द, क, फ, न. मग तिसरीं: ना, र, रा, सा. मग चौथीं: पू, द, बा, वं. शेवटीं पांचवीं: र, न, द, गी. ऐकणाऱ्यास हें निव्वळ गौडबंगाल वाटेल. परंतु त्यानें अक्षरें त्याच क्रमानें पाटीवर उभीं भरून आडवीं वाचलीं कीं नांवें परत मिळतात. आणि वाटेंत मधलीं चार अक्षरें, ना, र, रा, सा, हीं सबंध पुसलीं गेलीं तर? पाटीवर ‘बद-पूर’, ‘भोक-दन’, ‘जाफ-बाद’, ‘घन-वंगी’ असें उमटेल. प्रत्येक नांवांत एकेकच अक्षर गळालें आहे, आणि या जिल्ह्याची माहिती असलेलें चौथीच्या वर्गांतलें मूलही तीं भरून काढील.

अक्षरें दोन्ही वेळां चारच गेलीं. मार्गही तोच आणि वीजही तीच. पहिल्या वेळीं सारी हानि एकाच्या डोक्यावर कोसळली आणि तें नांव नाहींसें झालें. दुसऱ्या वेळीं ती चौघांत वांटली गेली आणि चौघेही तगले. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, सरमिसळ करण्यास एकही जादा अक्षर खर्चावें लागलें नाहीं. नुसता क्रम बदलला. तथापि ती एकटी कांहींच सुधारीत नाहीं. गळालेलें अक्षर भरून काढणें हें संकेताचेंच काम. संकेताच्या शक्तीबाहेरचें अरिष्ट फोडून तें त्याच्या शक्तीच्या आंत आणून देणें, हें सरमिसळीचें काम.

हें शहाणपण आपल्या शेतकऱ्यास नवें नाहीं. ज्याची जमीन थोडी नदीकांठीं, थोडी माळावर आणि थोडी गांवाजवळ अशी विखुरलेली असते, त्याचें सर्व पीक एका पुरानें किंवा एका गारपिटीच्या पट्ट्यानें सहसा जात नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तींत ज्यांचें सर्वस्व एकाच ठिकाणीं उभें होतें त्यांच्यावर काय गुदरलें, हें या भागांतील लोकांस सांगावयास नको.

व्यवहारांत ही सरमिसळ सर्वत्र आढळते. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या गाण्यांच्या चकत्यांत ती होती; म्हणून चकतीच्या मार्गावर सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा आला तरी सूर अखंड ऐकूं येत असे. उपग्रहावरून येणाऱ्या डिजिटल दूरचित्रवाणीची जी पहिली सर्वमान्य पद्धति निघाली, तींत १८८ घटकांमागें १६ राखणदार असतात व २०४ च्या या गटांत आठ घटकांपर्यंतच्या चुका सुधारतात. शिवाय बारा गटांची सरमिसळ असते, त्यामुळें लागोपाठ बिघडलेले सुमारें ९६ घटकही सांवरतां येतात. दुसऱ्या पिढीच्या मोबाईल पद्धतींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढें बोलणें आठ तुकड्यांत विखरून पाठवितात. येथें कोणी म्हणेल, कीं मग आठांऐवजीं आठशें तुकड्यांत कां विखरूं नये? त्यास उत्तर असें कीं, पाटी पूर्ण भरल्याखेरीज ती वाचतां येत नाहीं. पाटी जितकी मोठी, तितका अरिष्टाचा आघात सौम्य. परंतु तितकाच खोळंबाही अधिक. गाणें किंवा चित्र क्षणभर उशिरां आलें तरी चालतें. दोन माणसांच्या संभाषणांत मात्र एक सेकंदाचा खोळंबाही असह्य होतो. म्हणून प्रत्येक कामाची पाटी वेगळ्या मापाची असते.

येथें वेदपठणाची आठवण होणें स्वाभाविक आहे. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या कांठीं, पैठणासारख्या क्षेत्रीं, वेदाध्ययनाची परंपरा जुनी आहे. क्रमपाठांत पहिलें व दुसरें पद, मग दुसरें व तिसरें, असें म्हणतात. जटापाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें असा पीळ घालतात. घनपाठांत तर तीन पदांचीं उलटसुलट आवर्तनें होतात. एका ठिकाणीं पद चुकलें तर दुसऱ्या ठिकाणचें आवर्तन त्याविरुद्ध साक्ष देतें, आणि एका क्षणाच्या विस्मृतीनें सर्व साक्षी एकदम नष्ट होत नाहींत. या वैदिक पठणपरंपरेस युनेस्कोनें २००३ सालीं मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविलें. यावरून आधुनिक संकेतशास्त्र प्राचीनांस अवगत होतें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्यांच्यापाशीं हॅमिंग किंवा बोस यांचें गणित नव्हतें. परंतु मोलाचा शब्द एकाच साक्षीवर सोडूं नये आणि साक्षी एकाच जागीं ठेवूं नयेत, हें तत्त्व त्यांनीं जाणलें होतें यांत संशय नाहीं.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चुका मर्यादेबाहेर गेल्या तर यंत्र कधीं कधीं भलताच शब्द बरोबर मानून बसतें, आणि अशी आत्मविश्वासानें केलेली चुकीची दुरुस्ती उघड्या चुकीहून घातक असते. जेथें एखाद्याच्या ओळखीचा किंवा धान्याच्या हक्काचा प्रश्न असतो, तेथें यंत्रानें तर्कानें आंकडा दुरुस्त करण्यापेक्षां ‘जुळत नाहीं’ असें सांगून थांबणेंच श्रेयस्कर. आधार क्रमांकांतील साक्षीदार एवढ्यावरच थांबतो तें योग्य आहे. दुसरी मर्यादा याहून मोठी. ही विद्या अपघातांपासून रक्षण करते, कपटापासून नव्हे. दुकानदाराच्या क्यूआर कोडावर कोणी लबाडानें रात्रींतून आपला कोड चिकटविला, तर यंत्र तोही तितक्याच निष्ठेनें वाचील आणि पैसे लबाडाच्या खात्यांत जमा करील. शनिवारवाड्यांतील आज्ञेचें अक्षर मार्गांतल्या गोंगाटानें बदललें नव्हतें. आख्यायिका खरी मानली तर तें हेतुपुरस्सर बदललेलें होतें. अशा हातापासून रक्षण करणारें गुप्तलेखनाचें व स्वाक्षरीचें शास्त्र निराळें आहे. आणि पाठविणाऱ्यानें मुळांतच असत्य लिहिलें, तर जगांतला उत्तमोत्तम संकेत तें असत्य एका बिटाचीही चूक न करतां घरोघरीं पोंचवील. म्हणून दुकानदारानें सकाळीं आपल्या चौकटीवर नजर टाकावी, पैसे देणाऱ्यानें पडद्यावर उमटलेलें नांव वाचावें, आणि हातीं आलेला निरोप पुढें धाडण्यापूर्वीं तो खरा आहे काय, हें स्वतः पाहावें. हें काम आपण कोणत्याही यंत्रावर सोंपवूं शकत नाहीं.

शाळेंत आपण मुलांस ‘चुकूं नका’ असें सांगतों. तें सांगणें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं जगाचे निरोप सुरक्षित केले, त्यांनीं तारेला, आकाशाला किंवा विजेला असला उपदेश केला नाहीं. चूक होणार, आणि ती झुंडीनें होणार, हें त्यांनीं गृहीत धरलें. शब्द एकमेकांपासून दूर बसविले, राखणदार नेमले आणि येणारें अरिष्ट अनेकांत वांटून टाकण्याची तजवीज संकट येण्यापूर्वीच करून ठेवली. पावसाळ्याच्या रात्रीं वीज कडाडत असतां दूरगांवच्या मुलाचा आवाज कोणाच्या आईच्या कानीं नीट पडतो, तेव्हां त्या आवाजाचीं कित्येक अक्षरें वाटेंत गळालेलीं असतात आणि दाराशीं येईपर्यंत तीं भरूनही निघालेलीं असतात. तिला त्याचा पत्ताही नसतो, आणि असण्याचें कारणही नाहीं.